न दिसलेल्या वाघांची मोजदाद

खानेसुमारीचा कारकून दारांत उभा राहिला म्हणजे घरांतील वडीलधारें माणूस पुढें येतें, नांव सांगतें, वय सांगतें, माजघरांत निजलेल्या तान्ह्या मुलाचीही आठवण ठेवून त्याची नोंद करवितें. एवढें सगळें होऊनही शहराच्या खानेसुमारींत चूक राहतेच. कोणी गांवीं गेलेला असतो, कोणी दोन ठिकाणीं मोजला जातो. मग ज्या प्रजेला घर नाहीं, नांव नाहीं, जी रात्रीं हिंडते आणि माणसाची चाहूल लागतांच झाडींत दिसेनाशी होते, तिची मोजदाद करावी कशी? वाघासंबंधानें हा प्रश्न आपल्या देशांत जवळजवळ शंभर वर्षें विचारला जात आहे. त्याचें उत्तर शोधतांना अनेकदां चूक झाली, आणि त्यांतील एका चुकीची किंमत एका सबंध जंगलाला द्यावी लागली.

मोजणीच्या आधीं अदमास होता. विसावें शतक उजाडलें त्या वेळीं भारतांत ४०,००० वाघ होते, हें वाक्य वृत्तपत्रांत नित्य आढळतें. आणि तें इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं, कोणीतरी ते वाघ खरोखरच मोजले असावेत असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः आसामच्या चहामळ्यांत आयुष्य घालविलेले निसर्गनिरीक्षक ई. पी. जी यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत मागें वळून बांधलेला तो एक अदमास आहे. स्वतःच्या काळांतील वाघ त्यांनीं ४,००० मानले होते. दोन्ही आंकड्यांतील शून्यें पाहिलीं तरी ते कसे निघाले असतील याची कल्पना येते.

त्या जुन्या काळांत बारकाईनें मोजला जाई तो मेलेला वाघ. संस्थानांतील शिकारखान्यांच्या वह्यांतून आणि इंग्रज अंमलदारांच्या आठवणींतून मारलेल्या वाघांचे आंकडे नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंतच्या लांबीसह सांपडतात. सरगुज्याच्या महाराजांनीं तर आपल्या हातून १,१०० च्या वर वाघ पडल्याचें सांगितलें होतें. जंगलांत मागें किती उरले, हें मात्र कोणत्याच वहींत नव्हतें. शिकाऱ्याला त्याची गरजही नव्हती. पुढच्या हांक्याला वाघ निघाला म्हणजे झालें.

जिवंत वाघ मोजण्याची कल्पना साहजिकच मागावरून सुचली. रानांत राहणाऱ्या माणसाला पावलांची लिपि वाचतां येते. ओढ्याच्या ओल्या वाळूंतील ठसा पाहून वाघ नर कीं मादी, रात्रीं गेला कीं पहांटे, घाईंत होता कीं सावकाश, हें तो सांगतो आणि पुष्कळदां तें खरें ठरतें. छोटा नागपूरच्या पठारावरील पलामूच्या जंगलांत १९३० नंतरच्या दशकांत निकल्सन नांवाच्या वनाधिकाऱ्यानें या विद्येच्या आधारें वाघांची गणती करविली होती. तिला शिस्तशीर पद्धतीचें रूप दिलें तें पुढें ओरिसाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं. ज्यांच्या बंगल्यांत खैरी नांवाची वाघीण घरच्या मांजरासारखी वावरत असे, तेच हे चौधरी. वाघाचा पंजा त्यांच्याइतका जवळून फार थोड्यांनीं पाहिला असेल.

या पद्धतीला वेळही अनुकूल आली. १९६९ च्या नोव्हेंबरांत निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाचें अधिवेशन दिल्लीस भरलें आणि वाघ नामशेष होण्याच्या वाटेवर आहे ही चिंता तेथें उघडपणें मांडली गेली. १९७० मध्यें वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आणि त्याच वर्षीं सबंध देशांतील वाघांची पहिली गणती करण्यांत आली.

त्या गणतीची रीत सांगण्यासारखी आहे. ठरलेल्या आठवड्यांत वनरक्षक आणि मजूर देशभर एकाच वेळीं जंगलांत शिरत. वाघाच्या नेहमींच्या वाटा, ओढ्यांचीं पात्रें, पाणवठ्यांचे कांठ धुंडाळले जात. कोठें कोठें बारीक माती पसरून ठशासाठीं मुद्दाम जागा तयार केली जाई. ठसा दिसला कीं त्यावर लहानशा पायांची एक कांच उभी करावयाची, ठशाला धक्का न लावतां सरळ वरून पाहत कांचेवर लेखणीनें त्याची कड उतरावयाची, आणि मग ती आकृति कागदावर घ्यावयाची. मागच्या डाव्या पंजाचा ठसा प्रमाण मानीत. नराचा ठसा चौकोनाकडे झुकतो, मादीचा लांबट असतो, पिल्लाचा लहान. असे गोळा झालेले कागद कचेरींत एकत्र येत. अनुभवी अधिकारी ते टेबलावर पसरून लांबी, रुंदी, बोटांची ठेवण, दोन पावलांतील अंतर हीं सर्व पाहत आणि ठरवीत कीं, हा आणि हा एकच वाघ, तो मात्र निराळा. शेवटीं कागदांचे जितके ढीग, तितके वाघ.

१९७२ सालीं सबंध देशांत असे १,८२७ ढीग झाले. या आंकड्याचें श्रेय थोडें नाहीं. ४०,००० च्या दंतकथेसमोर तो ठेवला गेला तेव्हां राज्यकर्त्यांना धक्का बसला, आणि १ एप्रिल १९७३ रोजीं कैलास सांखला यांच्या संचालकत्वाखालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्यांत निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत विदर्भांतील मेळघाट होतें. संरक्षण वाढलें, गांवें हलविलीं गेलीं, चराई थांबली. आणि दर गणतीगणिक आंकडा चढूं लागला. १९७९ सालीं ३,०१५, १९८४ सालीं ४,००५, १९८९ सालीं ४,३३४. सरकार संतुष्ट होतें आणि सकाळच्या चहाबरोबर तो आंकडा वाचणारा शहरांतील गृहस्थही संतुष्ट होता. वाघ खरोखरच वाढलेही असतील. किती वाढले, हें मात्र त्या कागदांच्या ढिगांवरून कळणें शक्य नव्हतें.

याचें कारण परिश्रमांतील कसूर हें नव्हे. पद्धतीच्या मुळाशीं तीन गृहीतें होतीं. प्रत्येक वाघाचा ठसा दुसऱ्याहून वेगळा असतो आणि तो वेगळेपणा माणसाच्या डोळ्याला ओळखतां येतो, हें पहिलें. त्या एका आठवड्यांत प्रत्येक वाघानें वाचतां येईल असा ठसा कोठेंतरी उमटविलाच आहे, हें दुसरें. आणि तो ठसा कोणाला तरी सांपडलाच आहे, हें तिसरें. आतां एकच वाघ ओल्या चिखलांतून, कोरड्या धुळींतून आणि उतारावरून चालत गेला तर तीन तऱ्हांचे ठसे उमटतात. आणि कातळावरून गेला तर एकही उमटत नाहीं. कांचेवर कड उतरणाऱ्यांचे हात निराळे, कागद निवडणाऱ्यांचे डोळे निराळे. शिवाय ज्याच्या हाताखालच्या जंगलांत वाघ वाढतात तो अधिकारी कर्तबगार, आणि ज्याच्या जंगलांत घटतात त्याच्याकडे खुलासा मागावयाचा, अशी कचेरींतील रीत असल्यावर दोन ढिगांचे तीन करण्याचा मोह कोणाला होत नसेल?

याहून मोठा दोष असा कीं, ही संपूर्ण गणती म्हणविली जात होती. संपूर्ण गणतींत चुकीला जागाच नसते. १,८२७ म्हणजे १,८२७. दहा कमी नाहींत, दहा अधिक नाहींत. जे दिसले नाहींत त्यांच्यासाठीं त्या हिशोबांत रकानाच नव्हता.

भारतीय वनखातें कांच घेऊन ज्या प्रश्नापाशीं बसलें होतें, त्याचें दुसरें उत्तर युरोपांत पुष्कळ आधीं निघालें होतें. मात्र तें वाघावरून नव्हे, माणसांवरून आणि माशांवरून. १८०२ च्या सुमारास लाप्लास या फ्रेंच गणितज्ञापुढें सबंध फ्रान्सची लोकसंख्या ठरविण्याचा प्रश्न होता. देशभर जन्मांची नोंद होत असे, माणसांची नव्हे. म्हणून कांहीं निवडक गांवांतील माणसें मोजून घेण्यांत आलीं, आणि वर्षाकाठीं एका जन्मामागें सुमारें २८.३५ माणसें असें प्रमाण निघालें. देशांत वर्षाला दहा लाख जन्म होतात असें धरल्यास लोकसंख्या २ कोटि ८३ लाखांच्या घरांत जाते. लाप्लास येथेंच थांबला नाहीं. आपला अंदाज किती चुकलेला असूं शकेल याचाही त्यानें हिशोब केला. थोडें मोजावें, सगळ्याचा अंदाज करावा, आणि अंदाजासोबत त्याच्या चुकीची मर्यादा सांगावी, ही सवय तेव्हांपासूनची आहे.

पुढें १८९६ सालीं डेन्मार्कचा मत्स्यशास्त्रज्ञ योहानेस पेटर्सन यानें लिमफ्योर्ड नांवाच्या खाडींतील चपटे मासे पकडून, त्यांना खुणेच्या चकत्या लावून पुन्हां पाण्यांत सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांत जी युक्ति दडलेली होती ती घरांतल्या घरांत करून पाहण्यासारखी आहे. एका बरणींत पांढरे वाटाणे भरलेले आहेत. किती तें ठाऊक नाहीं. कांहीं दाणे काढून मोजले, ते १०० भरले. त्यांना ओल्या हळदीचा रंग दिला, वाळवून पुन्हां बरणींत टाकले आणि बरणी चांगली हालविली. मग न पाहतां आणखी दाणे काढले. ते ८० निघाले, आणि त्यांतील १० पिवळे होते. म्हणजे काढलेल्या दाण्यांत आठांतला एक हळदीचा. सबंध बरणींतही सुमारें तेंच प्रमाण असणार. हळदीचे दाणे १००, तेव्हां एकूण दाणे ८०० च्या आसपास. बरणी रिकामी न करतां बरणीचा हिशोब लागला.

१९३० सालीं अमेरिकेंत फ्रेडरिक लिंकन यांनीं हीच युक्ति रानबदकांना लावली. बदकांच्या पायांत वाळे घालून तीं सोडलीं जात, आणि शिकाऱ्यांच्या हातीं पडलेलीं वाळीं सरकारकडे परत येत. लिंकन यांनीं उदाहरण दिलें तें असें. ५,००० बदकांना वाळीं घातलीं आणि पहिल्याच हंगामांत त्यांतील ६०० परत आलीं, म्हणजे शेंकडा १२ बदकें मारलीं गेलीं. त्या हंगामांत शिकाऱ्यांनीं मारलेलीं एकूण बदकें ५० लाख असतील, तर हंगामाच्या आरंभीं आकाशांत सुमारें ४ कोटि २० लाख बदकें असलीं पाहिजेत.

अर्थात् बरणीच्याही अटी आहेत. हळद धुतली जातां कामा नये. मधल्या वेळांत कोणी दाणे घालतां किंवा काढतां कामा नये. बरणी नीट हालली पाहिजे. सगळे पिवळे दाणे वरच राहिले तर हिशोब फसेल. प्राण्यांच्या बाबतींत या अटी पाळल्या जात नाहींत. तीं जन्मतात, मरतात, जंगल सोडून जातात. एक प्राणी सापळ्याला भितो, तर दुसरा आमिषाच्या लोभानें रोज येऊन बसतो. विसाव्या शतकांतील संख्याशास्त्रज्ञांचा पुष्कळ काळ या अडचणी एकेक करून सोडविण्यांत गेला. जन्ममृत्यु चालू असतांही हिशोब कसा मांडावा, हें १९६५ सालीं जॉली आणि सेबर या दोघांनीं स्वतंत्रपणें दाखवून दिलें. या सर्व खटाटोपाचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. एकच प्राणी पुन्हां पुन्हां किती सहज दिसतो हें कळलें, म्हणजे मुळींच न दिसलेले किती असतील याचा अंदाज करतां येतो.

वाघाला चकती कोण लावणार? पण त्याला ती लावण्याची गरजच नाहीं; निसर्गानें ती जन्मतःच लावून ठेविली आहे. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वाटेवर तार बांधून, वाघाचा पाय लागतांच प्रकाश पडून छायाचित्र निघेल अशी योजना केली होती. बंदूक टाकून कॅमेरा घेतलेला हा विलक्षण गृहस्थ होता. १९६० नंतरच्या दशकांत कान्हाच्या रानांत अभ्यास करणारे जॉर्ज शॅलर हे तेथील वाघ चेहऱ्यावरील पट्ट्यांवरून ओळखीत असत. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एवढें सगळें ठाऊक असूनही पट्टे आणि पेटर्सनची बरणी यांची गांठ पडावयास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं.

ती गांठ घातली उल्लास कारंत यांनीं. मूळचे यंत्रशास्त्राचे पदवीधर असलेले कारंत कर्नाटकांतील नागरहोळेच्या जंगलांत काम करीत होते. १९८७ सालीं त्यांनीं ठशांच्या गणतीवर सडेतोड टीका केली. बंदिवासांतील मोजक्या वाघांचे ठसे उतरवून ते त्यांनीं जाणत्या अधिकाऱ्यांपुढें ठेविले, आणि हे किती वाघांचे असा प्रश्न केला. उत्तरें एकमेकांशीं जुळलीं नाहींत, आणि खऱ्या संख्येशींही जुळलीं नाहींत. वनखात्याला ही टीका रुचली नाहीं. पायांनीं रान तुडविणाऱ्याला गणिताच्या पुस्तकांतून शिकविणारा भेटला कीं असें होतेंच. कारंत यांनीं वाटांच्या दोहों बाजूंस समोरासमोर कॅमेरे लाविले, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. पहिल्यांदा छायाचित्र निघालें तो वाघ हळद लागलेला दाणा. पुन्हां निघालें तो पुन्हां हातीं आलेला दाणा. या मोजणीचा निबंध १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. १९९८ सालीं अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकोल्स यांच्यासह त्यांनीं चार जंगलांचे आंकडे दिले. दर १०० चौरस किलोमीटरांत पेंचमध्यें ४.१ वाघ, तर काझीरंगांत १६.८.

वाघाच्या भक्ष्याची मोजणी आणखी निराळी. चितळाला पट्टे नाहींत, आणि त्याच्या ठिपक्यांवरून हजारों चितळें ओळखीत बसणें व्यवहार्य नाहीं. त्यासाठीं जंगलांतून सरळ रेषा आखून पहांटे तिच्यावरून निःशब्द चालावयाचें, आणि दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती दूर आहे हें मोजावयाचें. रेषेवरचे प्राणी सहसा सुटत नाहींत. जसजसें दूर जावें तसतसे अधिक सुटतात. ही घट मोजली म्हणजे झाडीआड राहिलेल्यांचा हिशोब लागतो. वाघाच्या दृष्टीनें हा हिशोब महत्त्वाचा आहे. एका वाघाला वर्षाकाठीं सुमारें ५० मोठीं जनावरें लागतात, आणि तो कळपाचा साधारण दहावा हिस्सा उचलतो. म्हणजे पांचशें जनावरांच्या रानांत एका वाघाचें पोट भरतें.

हें सर्व शास्त्र छापलेलें होतें, आणि ठशांच्या गणत्याही चालूच होत्या. १९९३ सालीं ३,७५०, १९९७ सालीं ३,५०८, २००२ च्या सुमारास ३,६४२. आणि मग राजस्थानांतील सरिस्काची वार्ता आली.

२००४ सालच्या गणतींत सरिस्कांत १६ ते १८ वाघ दाखविलेले होते. त्या वर्षाच्या अखेरीपासून तेथें वाघ दिसेना, ठसाही दिसेना. २००५ च्या आरंभीं वृत्तपत्रांत बातमी फुटली, आणि मार्चमध्यें डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शोधपथकानें सांगितलें कीं, सरिस्कांत एकही वाघ नाहीं. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते एकेक करून संपविले होते. व्याघ्रप्रकल्पाचें जंगल, सरकारी पहारा, नियमित गणती, सर्व कांहीं होतें. आणि वहींत वाघ जिवंत असतांना रानांतून ते नाहींसे झाले होते. ज्या मोजणीनें आधीं सावध करावयाचें, तिनेंच शेवटपर्यंत सर्वांना निश्चिंत ठेविलें.

केंद्र सरकारनें सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं पांच सभासदांचें एक कृतिदल नेमलें. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांपैकीं एक होते. ऑगस्ट २००५ मध्यें आलेल्या त्यांच्या अहवालानंतर ठशांची संपूर्ण गणती बंद झाली. नव्या पद्धतीप्रमाणें वनरक्षकांनीं आपापल्या हद्दीत ठरलेल्या वाटा चालून वाघाच्या आणि भक्ष्याच्या खुणा नोंदवावयाच्या. निवडक ठिकाणीं कॅमेरे लावून पट्ट्यांवरून खरा अंदाज करावयाचा. आणि खुणा व संख्या यांचा संबंध बसवून उरलेल्या जंगलांतील वाघ काढावयाचे. पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, ठसा येथेंही हद्दपार झालेला नाहीं. फक्त तो किती वाघ हें सांगत नाहीं. वाघ आहे एवढेंच सांगतो.

२००६ सालच्या पाहणीचा निकाल फेब्रुवारी २००८ मध्यें जाहीर झाला. १,४११ वाघ, पण त्यासोबत प्रथमच दुसरे दोन आंकडेही होते. कमींत कमी १,१६५ आणि अधिकांत अधिक १,६५७. चार वर्षांत वाघ निम्म्याहून कमी झाले असा हाहाकार उडाला. ती तुलना खरें पाहतां करतां येत नाहीं. ३,६४२ आणि १,४११ हे एका टांकसाळींतले नाणें नव्हेत. वाघ किती घटले आणि जुनी गणती किती फुगलेली होती, यांचा वांटा वेगळा करणें आतां कोणालाही शक्य नाहीं. तीस वर्षांच्या कष्टाच्या नोंदी अशा रीतीनें निरुपयोगी झाल्या, ही गोष्ट जंगल पायाखालीं घालणाऱ्या त्या जुन्या वनरक्षकांना फार लागली असेल.

नवी पद्धतही वादावांचून राहिली नाहीं. खुणांची संख्या आणि वाघांची संख्या यांचें नातें समजलें जातें तितकें घट्ट नाहीं, असें २०१५ सालीं कांहीं संख्याशास्त्रज्ञांनीं गणितानें मांडलें. सरकारी शास्त्रज्ञांनीं आपली बाजू राखली. या वादाचें एक फळ मात्र सर्वांना दिसलें. कॅमेरे वाढत गेले. २०१८ च्या पाहणींत ते २६,८३८ ठिकाणीं लाविले होते, आणि सुमारें साडेतीन कोटि छायाचित्रें निघालीं. त्यांत वाघाचीं होतीं ७६,६५१. बाकी गाईगुरें, चितळ, डुकरें, माणसें आणि वाऱ्यानें हाललेलें गवत. त्या छायाचित्रांतून २,४६१ निराळे वाघ ओळखले गेले आणि अंदाज निघाला २,९६७ चा. म्हणजे शेंकडा ८३ वाघांचें चित्र हातीं होतें. गणिताकडे सोंपविलेले वाघ थोडेच उरले होते. एक वर्षाखालील पिल्लें या हिशोबांत धरीत नाहींत.

२०२२ च्या पाहणींत वनरक्षकांचें चालणें ६,४१,४४९ किलोमीटर भरलें. ओळखलेले वाघ ३,०८०, आणि अंदाज ३,६८२. मर्यादा ३,१६७ पासून ३,९२५ पर्यंत. यांतील खालचा आंकडा एप्रिल २०२३ मध्यें म्हैसूर येथें आधीं जाहीर झाला आणि मधला जुलैमध्यें. तेव्हां तीन महिन्यांत पांचशें वाघ आले कोठून, असा प्रश्न पुष्कळांनीं केला. मर्यादेचा आंकडा लोकांना आवडत नाहीं. बाजारांत भाव विचारावा आणि दुकानदारानें सहा ते आठ आणे म्हणावें तसें तें वाटतें. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर २००६ सालीं १०३ आणि २०२२ सालीं ४४४ असे मधले अंदाज आहेत. हे दोन्ही आंकडे मात्र एकाच घराण्याच्या पद्धतींतून आलेले आहेत, आणि त्यांची तुलना करतां येते.

महाराष्ट्रांतील वाचकांना मोजणीची आणखी एक रीत ठाऊक असेल. वैशाखांतील बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरील मचाणावर बसून, चांदण्यांत पाण्यावर येणारीं जनावरें टिपण्याची प्रथा मेळघाट, ताडोबा, पेंच या जंगलांत आहे. शहरांतील कितीतरी हौशी माणसांनीं अस्वल आणि गवा पहिल्यानें पाहिला तो अशाच रात्रीं. परंतु एकच सांबर दोन पाणवठ्यांवर पाणी पितें, आणि अवकाळी पाऊस झाला कीं डबकीं भरून कोणीच पाणवठ्यावर येत नाहीं. म्हणून वनखात्यानें अलीकडे या रात्रीला निसर्गानुभव असें नांव दिलें आहे; तिचे आंकडे वाघांच्या अंदाजांत धरले जात नाहींत. रात्रभर न बोलतां बसण्याचें सुख त्यामुळें कमी झालें आहे असें नाहीं.

सरिस्काचें रान तीन वर्षें रिकामें होतें. त्या काळांत तेथें मोजावयास कांहींच नव्हतें, आणि कोणत्याही पद्धतीनें उत्तर तेंच आलें असतें. शेवटीं २८ जून २००८ रोजीं रणथंभोरच्या जंगलांत एका नर वाघाला बेशुद्ध करून, गळ्यांत रेडिओलहरींचा पट्टा बांधून, हेलिकॉप्टरनें सरिस्कांत आणण्यांत आलें. कुंपण घातलेल्या जागेंत तो शुद्धीवर आला. वाघीण यावयास आणखी कांहीं दिवस होते. त्या दिवशीं सरिस्काच्या वहींत वाघांची संख्या एक अशी लिहिली गेली असेल, तर ती बिनचूक होती.